काडीमाणसांचा वॉलपेपर



संगणक सुरू केला की पडद्यावर सगळ्यांच्या मागे एक चित्र दिसते. त्याला वॉलपेपर म्हणतात. म्हणजे भिंतीला लावायचा कागद. त्याच्यावर फाइलींची छोटी चिन्हे मांडलेली असतात. पुष्कळ ठिकाणी डोंगर नाहीतर फुले असतात. पण विनोदी चित्राचाही वॉलपेपर करता येतो. त्याची माहिती मी देत आहे.

अमेरिकेत रँडल मन्रो नावाचे चित्रकार आहेत. ते भौतिकशास्त्र शिकले. काही दिवस नासा या संस्थेत यंत्रमानवांच्या कामावर होते. २००५ साली त्यांनी इंटरनेटवर हास्यचित्रे द्यायला सुरुवात केली. मालिकेचे नाव एक्सकेसीडी. ही नुसती चार इंग्रजी अक्षरे आहेत, त्यांना अर्थ नाही. त्यांची माणसे म्हणजे गोल डोके आणि काड्यांचे हातपाय. नाक-डोळे पण नसतात. आपल्या पहिलीतली पोरं अशीच माणसं काढतात! तरी हसू येते, कारण गंमत बोलण्यात असते.

२००९ साली त्यांनी ग्रहांच्या विहिरी काढल्या. ज्या ग्रहाची ओढ जास्त, त्याची विहीर खोल. पृथ्वीची विहीर सुमारे ६,३८० किलोमीटर आणि चंद्राची फक्त २८८ किलोमीटर. म्हणून चंद्रावरून निघायला लहान रॉकेट पुरते. मंगळाचा डिमॉस हा चंद्र तर इतका छोटा, की सायकल पळवून उतरत्या फळीवरून उडवली तर माणूस विहिरीबाहेर जाईल, असा विनोद त्यात आहे. पण हिशोब खरा आहे. तिथून सुटायला ताशी सुमारे २० किलोमीटर वेग लागतो. आपली विहीर आपण परसात मोजतो, ही किलोमीटरात!

हे चित्र आडवे आहे, म्हणून वॉलपेपरला बरे. पडदा बारीक ठिपक्यांचा असतो. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असले तर एकूण २०,७३,६०० होतात. (गुणाकार मी पाटीवर करून पाहिला.) चित्र ९६० बाय ५४० ठिपक्यांचेच असेल तर त्याच्या एका ठिपक्याला चार ठिपक्यांची जागा भरावी लागते. मग रेघा फिसकटल्यासारख्या दिसतात.

चित्राचा आकार पडद्याशी जुळला नाही आणि ते ताणून बसवले, तर काडीमाणसाचे डोके आडव्या भोपळ्यासारखे होते. मधोमध ठेवले तर बाजूला रिकामी पट्टी उरते. मला हेच आवडते. चिन्हे त्या पट्टीत मावतात, कुणाच्या तोंडावर बसत नाहीत. काहीजण कडा कापतात. त्यात विनोदाची शेवटची ओळ गेली तर हसायचं कशाला? आणि कोपऱ्यात चित्रकाराचे नाव असेल तर तेही जाते.

मन्रो यांनी आपली चित्रे वापरायला सगळ्यांना परवानगी दिली आहे. पण त्यांचे नाव सांगायचे आणि चित्रातून पैसे कमवायचे नाहीत, अशी अट आहे. म्हणून नाव कापले गेले असेल तर खाली परत लिहावे. मागच्या अंकात आमच्या वर्गातल्या एकीचे बैलाचे चित्र बिननावाचे लागले होते. तिची आई सगळा फळा हुडकत होती. शेवटी मोडक्या शिंगावरून म्हणाली, "हा तर आमचाच बैल!"