वाचा गेली, मत गेलं नाही

मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की अनेकांची वाचा जाते. समज मात्र बरीच शाबूत असू शकते. म्हणून शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर लावायचा की घरी न्यायचं, हे परस्पर ठरवू नका. रुग्णाला विचारा.

टीव्ही बंद करा, चष्मा द्या. एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारा, चित्र दाखवा. उजवा हात लुळा असेल तर डाव्या हाताने खूण करू द्या. असे रुग्ण कधी ‘नाही’च्या जागी ‘हो’ म्हणतात. म्हणून तोच प्रश्न उलटा करून, दुसऱ्या दिवशीही विचारा.

आपण धडधाकट आहोत तोवर कोणते उपचार नकोत ते लिहून ठेवा. हे ‘लिव्हिंग विल’ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.