रक्तातला वारसा

[आईवडिलांकडून मुलांना रंग, उंची, चेहरेपट्टी मिळते. कधी कधी आजारही मिळतो. असा एक आजार हजारो वर्षे का टिकून राहिला आणि हे समजल्याने आपला काय फायदा झाला, याची माहिती या पाठात दिली आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, भात कापायचा विळा तुम्ही पाहिला असेल. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे डोंगराळ तालुके आहेत. तेथे भात आणि नागली पिकते. तेथील शेतकऱ्याच्या घरी विळा असतोच. पण या भागातील काही माणसांच्या रक्तातही विळे असतात, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल!

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात. त्यामुळे त्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांतूनही सहज पुढे सरकतात. काही माणसांच्या शरीरात मात्र या पेशी कडक होतात, वाकतात आणि विळ्यासारख्या दिसू लागतात. मग त्या रक्तवाहिन्यांत अडकतात. हातपाय व सांधे असह्य दुखतात. अशा पेशी लवकर नष्ट होतात, म्हणून रक्त कमी होते. या आजाराला सिकलसेल म्हणतात.

हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. तो जन्मापासूनच असतो. रक्तातील हिमोग्लोबिन तयार करणारे एक जनुक आपल्याला आईकडून मिळते व एक वडिलांकडून. दोन्ही जनुके सदोष असली, तर आजार होतो. एकच सदोष असले, तर माणूस सहसा ठणठणीत असतो. त्याला वाहक म्हणतात.

आता थोडा विचार करा. पूर्वी औषधे नव्हती. हा आजार असलेली पुष्कळ मुले लहानपणीच दगावत. मग त्यांच्याबरोबर हा दोषही हळूहळू नाहीसा व्हायला हवा होता. जगण्यास उपयोगी पडणारे गुण पिढ्यानपिढ्या वाढत जातात आणि घातक गुण मागे पडतात, असे चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली आपल्या ग्रंथात मांडले. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. मग हा दोष टिकला कसा?

याचे उत्तर अँथनी अ‍ॅलिसन यांनी शोधले. ते केनियात वाढले होते. त्यांना दिसले की, जेथे हिवताप म्हणजेच मलेरिया फार, तेथे वाहकही फार. १९५४ साली त्यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. हिवतापाचे जंतू तांबड्या पेशींत वाढतात. वाहकाच्या पेशींत मात्र त्यांची वाढ नीट होत नाही. त्यामुळे वाहकाला हिवताप झाला, तरी तो जिवावर बेतण्याचा धोका कमी असतो. हिवतापाच्या प्रदेशात निर्दोष जनुकांची अनेक मुले तापाने गेली. दोन्ही जनुके सदोष असलेली मुले सिकलसेलने गेली. वाहक मात्र अधिक संख्येने जगले आणि त्यांच्याबरोबर तो दोषही टिकला. म्हणूनच आफ्रिका, अरबस्तान आणि भारतातील जंगलपट्टे अशा दूरदूरच्या प्रदेशांत हा आजार आढळतो.

या ज्ञानाचा उपयोग काय? एक म्हणजे, तपासणी आधी कोठे करावी हे डॉक्टरांना कळते. भारत सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तिच्यात सात कोटी लोकांच्या रक्ताची तपासणी करण्याचे ठरले. आजार लवकर कळला, तर हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने त्रास कमी करता येतो. दुसरे म्हणजे, आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घेणे शहाणपणाचे असते.

तिसरा उपयोग सर्वांत मोठा आहे. लोक या आजाराला शाप म्हणतात, सुनेला बोल लावतात, तपासणीचा कागद लपवतात. मुलांनो, हा शाप नाही आणि कोणाचा गुन्हाही नाही. ज्या जनुकाने कित्येक पूर्वजांचे प्राण वाचवले, त्याचीच किंमत आज काही मुले मोजत आहेत. त्यांना दोष देऊ नका, साथ द्या.

शब्दार्थ
वारसा – पूर्वजांकडून मिळालेली गोष्ट
दगावणे – मरण पावणे
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे
बोल लावणे – दोष देणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) वाहक कोणाला म्हणतात?
(२) अ‍ॅलिसन यांना काय दिसून आले?

प्र. २. कारणे लिहा.
(१) सिकलसेलच्या रुग्णाचे हातपाय दुखतात.
(२) हिवतापाच्या प्रदेशात हा दोष टिकून राहिला.

प्र. ३. ‘जिवावर बेतणे’ व ‘बोल लावणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

प्र. ४. तुमच्या वर्गातील मित्राला हा आजार आहे असे कळले, तर तुम्ही काय कराल? पाच-सहा वाक्ये लिहा.