आवाज आणि चित्र आकड्यांत कसे मावतात?

मोबाइलमध्ये गाणे साठवले, असे आपण सहज म्हणतो. पण त्याच्या स्मृतीत गाणे नसते आणि चित्रही नसते. तेथे असतात फक्त ० आणि १ हे दोन अंक. मग सतत बदलणारा आवाज या दोन अंकांत कसा मावतो? हे समजून घेण्यासाठी प्रथम गोदावरीच्या काठी जाऊ.

नाशिकचा गंगापूर रोड धरून पुढे गेले की गंगापूर धरण लागते. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे गावाचे लक्ष लागते. ‘कमरेला पाणी लागले’, ‘गळ्याशी आले’, असे लोक एकमेकांना सांगतात. मारुती ही नाशिककरांची पूर मोजण्याची पट्टीच आहे!

समजा, आपण दर तासाला पाण्याची पातळी वहीत लिहायची ठरवली. येथे आपण दोन गोष्टी करतो. पाणी सतत चढत-उतरत असले तरी आपण ते ठरावीक वेळांनाच पाहतो. याला नमुने घेणे म्हणतात. दुसरे असे, की पाण्याची उंची कितीही असली तरी आपण ती ठरलेल्या पायऱ्यांतच लिहितो. पायाखाली, पाय, गुडघा, मांडी, कंबर, छाती, गळा आणि डोके अशा आठ पायऱ्या धरू. त्यांना ० ते ७ असे क्रमांक दिले तर द्विमान पद्धतीत प्रत्येकाला तीन अंक पुरतात : पायाखाली ०००, कंबर १००, डोके १११. अशा एका द्विमान अंकाला ‘बिट’ म्हणतात. तीन बिटांत ८ पायऱ्या, आठ बिटांत २५६, तर सोळा बिटांत ६५,५३६ पायऱ्या बसतात. पाणी कमरेच्या थोडे वर असले तरी आपण ‘कंबर’च लिहितो. ही चूक कमी करायची तर पायऱ्या वाढवायला हव्यात.

आता नमुने किती वेळा घ्यायचे? कोणी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला एवढेच पाहिले आणि पूर दुपारी येऊन ओसरला, तर वहीत पुराची नोंदच होणार नाही. यासाठी नियम असा : बदलांतील सर्वांत मोठी वारंवारता जेवढी असेल, तिच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घेतले पाहिजेत. नायक्विस्ट (१९२८) आणि शॅनन (१९४९) या शास्त्रज्ञांच्या कार्यातून हा नियम प्रस्थापित झाला.

आवाजाचेही असेच आहे. ध्वनिलहरींमुळे मायक्रोफोनचा पडदा कंप पावतो आणि त्यानुसार विद्युतदाब कमी-अधिक होतो. हा दाब म्हणजे आपल्या नदीची पातळी. माणसाला साधारणपणे सेकंदाला २० ते २०,००० कंपने ऐकू येतात. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेण्याचे ठरले. प्रत्येक नमुना १६ बिटांचा. डावा आणि उजवा असे दोन प्रवाह धरले तर सेकंदाला ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट होतात! टेलिफोनवर केवळ बोलणे समजले की पुरते, म्हणून अंकीय टेलिफोनच्या मूळ प्रमाणित पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येकी ८ बिट वापरले गेले.

चित्रपट हीदेखील काळाचे नमुने घेण्याचीच कला आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित केली. पडद्यावर ती पाहताना रोप भराभर वाढताना दिसे. रोप सावकाश वाढते, म्हणून विरळ नमुने पुरले. धावत्या टांग्याच्या चाकाला मात्र सेकंदाला २४ चित्रेही कधी अपुरी पडतात. दोन चित्रांच्या मधल्या वेळात एक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेच्या किंचित अलीकडे पोचला, तर चाक उलटे फिरल्याचा भास होतो. विरळ नमुने केवळ माहिती गाळत नाहीत, तर खोटी माहितीही देतात.

चित्र साठवताना नमुने काळाचे नसून जागेचे असतात. ठिपक्यांच्या रांगोळीसारखे चित्राचे उभे-आडवे ठिपके पाडतात. १९२० × १०८० ठिपक्यांच्या चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांची तीव्रता प्रत्येकी ८ बिटांत लिहितात.

संगणक आणखी एका रीतीने चित्र काढतो. तो ठिपके न साठवता रेषांची कृती साठवतो : या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत असे वळण घ्या. र. कृ. जोशी यांनी रेखलेल्या ‘मंगल’ या देवनागरी टंकातील अक्षरे अशीच वक्ररेषांनी साठवलेली आहेत. म्हणून अक्षर कितीही मोठे केले तरी कडा गुळगुळीत राहते. छायाचित्र फार मोठे केले तर मात्र चौकटी दिसू लागतात.

एवढे आकडे साठवायला जागा फार लागते, म्हणून ते आटोपशीर करतात. एमपी-थ्री पद्धतीत मोठ्या स्वराखाली झाकले जाणारे बारीक स्वर गाळतात. जेपेग पद्धतीत डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील कमी करतात. रोजच्या वापराला हे ठीक आहे. पण एकदा गाळलेले पुन्हा मिळत नाही. तुमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर त्या जरूर ध्वनिमुद्रित करा, आणि मूळ प्रत ‘वेव्ह’सारख्या, काही न गाळणाऱ्या स्वरूपात ठेवा. तिच्यापासून लहान प्रत केव्हाही करता येईल. लहान प्रतीपासून मूळ प्रत कधीच होणार नाही.

करून पाहा

१. वरील टेलिफोन-पद्धतीने एक मिनिटाच्या संभाषणाला किती बिट लागतील?

२. तीन सारख्या पात्यांचा पंखा सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने टिपला. तो सेकंदाला कमीत कमी किती फेरे घेत असेल तर पाती स्थिर दिसतील?

३. आलेख कागदावर १६ × १६ चौकटींत फक्त पूर्ण चौकटी रंगवून ‘ग’ काढा. मग ३२ × ३२ चौकटींत काढा. वळणाच्या कडेत कोणता फरक पडला?

उत्तरे : (१) ३८,४०,००० बिट. (२) १० फेरे. दोन चित्रांच्या मधल्या वेळात प्रत्येक पाते पुढच्या पात्याच्या जागी येते.