मास्कमधली हवा माझ्या तोंडावर येते

प्रश्न : यजमानांना स्लीप ॲप्नियासाठी सीपॅप मशीन दिलं आहे. घोरणं थांबलं, पण रात्रभर मास्कमधली हवा माझ्या तोंडावर येते आणि नळी मधे लुडबुडते. वेगळं झोपावं का?

उत्तर : एवढ्यात नको. आधी हवा नेमकी कुठून येते ते पाहा. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक छिद्रं असतात. उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो. ती चिकटपट्टीने किंवा पांघरुणाने झाकू नका (हा उपाय पुष्कळजण करतात, आणि तो धोक्याचा आहे). झोत फारच लागत असेल, तर हवा पसरवून सोडणारा मास्क मिळतो का, ते विचारा.

हवा गालाशी किंवा नाकाच्या कडेने फुसफुसत असेल, तर ती गळती. पट्टे बसल्या-बसल्या आवळू नयेत. यजमानांना झोपवून, मशीन चालू ठेवून, कुशीवर वळायला सांगून मास्क बसवा. दाढीचे खुंट आणि तेलकट कडा यांनीही मास्क सरकतो. कडा रोज साबणाच्या कोमट पाण्याने धुवा.

नळी डोक्यामागून, पलंगाच्या पाठीवरून न्या. मशीन मात्र त्यांच्या बाजूच्या बुटक्या स्टुलावर, डोक्याच्या पातळीखाली हवं, म्हणजे नळीत साचलेलं पाणी मास्ककडे येत नाही.

कुशीवर झोपणाऱ्यांना नाकपुड्यांपाशी बसणारा छोटा मास्क बहुधा सोयीचा पडतो; तोंडाने श्वास घेणाऱ्यांना तो सहसा चालत नाही. एवढं करूनही त्रास राहिला, तर मास्क घेऊनच डॉक्टरांकडे जा. तोवर मशीन बंद ठेवू नका.