घर कोणाच्या हक्काचे?

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी असलेल्या घरास पात्र कोण? २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी नियमांत यासाठी दोन प्रमुख कसोट्या होत्या. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असावे आणि पती, पत्नी किंवा अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे. ही तपासणी कागदपत्रांवरून होते. म्हणून कोणी उत्पन्न कमी दाखवितो, कोणी गावचे घर लपवितो आणि ‘पैसा तर सरकारचा’ असे म्हणून मनाची समजूत घालतो.

इस्लामने पात्रतेचा प्रश्न गौण मानलेला नाही. जकातीचे आठ हक्कदार अल्लाहने स्वतः सूरह तौबामध्ये (आयत ६०) निश्चित केले. देणाऱ्याच्या मर्जीवर किंवा मागणाऱ्याच्या चातुर्यावर ते सोडले नाहीत. सूरह निसामध्ये (आयत ५८) अमानती त्यांच्या हक्कदारांना सुपूर्द करण्याची आज्ञा आहे. सार्वजनिक निधीतून उभी राहिलेली घरे ही अशीच अमानत होय.

सहीह मुस्लिममधील ह. कबीसा (र.) यांच्या हदीसनुसार, उपासमारीची वेळ आलेल्या माणसाला मागण्याची मुभा आहे, मात्र त्याच्या समाजातील तीन समंजस व्यक्तींनी त्याच्या गरजेची साक्ष द्यावी. यावरून स्पष्ट होते की, गरजेची पडताळणी हा गरिबाचा अपमान नव्हे. ती त्याच्याच वाट्याची राखण आहे.

परंतु साक्षच खोटी असेल तर? ह. उम्मे सलमा (र.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) बजावतात की, ते एक मानव असून ऐकलेल्या बाजूवरून निर्णय देतात. एखाद्याने वाक्चातुर्याने आपल्या भावाचा हक्क मिळविला, तर तो त्याच्यासाठी आगीचा तुकडा आहे. खुद्द प्रेषितांच्या (स.) निकालाने दुसऱ्याचा हक्क हलाल होत नसेल, तर खोट्या दाखल्यावरील शिक्क्याने तो कसा होईल?

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. सूरह बकरामध्ये (आयत २७३) अशा गरजवंतांचा उल्लेख आहे, जे स्वाभिमानामुळे हात पसरत नाहीत आणि अजाण माणसाला संपन्न वाटतात. आपल्या मोहल्ल्यातील एखादी विधवा खरोखर पात्र असूनही केवळ उत्पन्नाचा दाखला कसा काढावा हे ठाऊक नसल्याने मागे राहते. तिचा अर्ज भरून देणे, तिच्यासोबत कार्यालयात जाणे हे आपले कर्तव्य आहे. पात्र व्यक्तीने आपला हक्क मागण्यात कसलाही संकोच बाळगू नये.

ज्याने अपात्र असताना घर घेतले असेल, त्याची तौबा केवळ जिभेने पूर्ण होत नाही. दुसऱ्याचा हक्क परत करणे हा तौबेचाच भाग आहे. अल्लाह आपणा सर्वांना हलालवर समाधान मानण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.