गुरांच्या ट्रेलरचे ब्रेक

गुरें हें हलतें ओझें. ब्रेक दाबतांच तें पुढें सरतें. ट्रेलरचा ब्रेक धरला नाहीं तर तें ट्रॅक्टरास लोटतें व गाडी आडवी होते. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लागल्यावर थांबण्याचें अंतर चौपट होतें.

दोष मूळ बनावटीचाच असल्यास मालकानें तो मुकाट्यानें सोसूं नये. कायद्याच्या व्याख्येंत ट्रेलर हेंही मोटार वाहनच आहे. २०१९ सालीं घातलेल्या कलम ११०-अ प्रमाणें सदोष वाहनें परत बोलावण्याचा हुकूम केंद्र सरकार उत्पादकास देऊं शकतें. मालकांच्या तक्रारी हा त्याचा एक आधार होय.

यास्तव जठारपेठेंतील शेतकरी बंधूंनीं पावती व चॅसिस क्रमांक जपावा, गुरें चढविण्यापूर्वीं ब्रेक तपासावा व दोषाची तक्रार लेखी करावी.