नरसाळे आणि प्रतिनिधीचे संकेतस्थळ

स्वयंपाकघरातले नरसाळे घ्या. ते बाटलीच्या तोंडात बसवा आणि वरून तांब्याने पाणी ओता. धार बारीक असेल तर पाणी निमूटपणे खाली उतरते. धार मोठी केली की नरसाळ्यातील पातळी चढू लागते आणि थोड्याच वेळात पाणी काठावरून सांडते. पातळी चढली की नळीच्या तोंडाशी दाब वाढतो व पाणी थोडे वेगाने बाहेर पडते हे खरे. पण नरसाळ्याची उंची ती किती असणार!

हे नरसाळे डोळ्यांसमोर ठेवा. निवडून आलेला प्रतिनिधी आणि त्याचे मतदार यांच्यात संकेतस्थळामार्फत होणारे दळणवळण समजून घ्यायला ते उपयोगी पडणार आहे. उदाहरण घेऊ अमेरिकेच्या काँग्रेसचे, म्हणजे तेथील संसदेचे.

मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी १९९४ साली स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले. काँग्रेसच्या सदस्याचे असे ते पहिलेच. एमआयटी या प्रसिद्ध संस्थेतील संगणकतज्ज्ञांची त्यांना मदत झाली होती. पुढे प्रत्येक सदस्याचे संकेतस्थळ झाले. त्यावर सदस्याची भाषणे, त्याने मांडलेली विधेयके, सरकारी कचेरीत अडलेल्या कामासाठी मदत मागण्याची सोय आणि पत्र पाठवण्याचा एक कोरा तक्ता असतो. निवडणुकीच्या प्रचाराला व वर्गणी मागायला मात्र तेथे मज्जाव आहे. त्यासाठी उमेदवार दुसरे, खाजगी संकेतस्थळ चालवतो.

पत्राचा तक्ता उघडला की नाव-पत्ता द्यावा लागतो. कशासाठी? तर लिहिणारा आपल्याच मतदारसंघातला आहे की नाही, हे पाहण्यासाठी. तेथील टपालाचा सांकेतिक क्रमांक पाच आकडी असतो. पण कधी कधी एकाच क्रमांकाचा भाग दोन मतदारसंघांत विभागलेला असतो. मग आणखी चार आकडे विचारले जातात. २००६ च्या सुमारास काही सदस्यांच्या संकेतस्थळांवर तर पत्र पाठवण्यापूर्वी एक सोपे कोडे सोडवावे लागे! यंत्राने आपोआप धाडलेली पत्रे अडवावीत, हा त्यामागचा हेतू. नागरिकांच्या काही संघटनांना ते मुळीच रुचले नाही. मलाही तो उपाय फारसा पसंत नाही; आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहायला परीक्षा कशाला?

आता २००८ चा सप्टेंबर पाहू. अमेरिकेतील बँका कोसळत होत्या. त्यांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरचे विधेयक आले. २९ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने ते २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळले. त्या दिवसांत विधेयक वाचायला आणि आपले मत कळवायला इतके लोक एकाच वेळी प्रतिनिधिगृहाच्या संकेतस्थळाकडे धावले, की पाने उघडेनाशी झाली. शेवटी व्यवस्थापकांनी गर्दीच्या वेळी स्वीकारायच्या पत्रांवर मर्यादा घातली. लोकांना बोलायची सर्वांत जास्त निकड होती, नेमके तेव्हाच नरसाळे काठोकाठ भरले! (सुधारलेले विधेयक ३ ऑक्टोबरला मंजूर झाले.)

तुम्ही म्हणाल, अधिक शक्तिमान संगणक बसवावेत. बसवता येतात, म्हणजे वरची नळी रुंद झाली. पण तिच्याखाली दुसरी नळी आहे, ती माणसांची. २००० च्या जनगणनेनुसार प्रतिनिधिगृहातील एका सदस्यामागे सरासरी सुमारे ६,४७,००० लोक येत. सदस्याला कायम नोकर ठेवता येतात जास्तीत जास्त १८. त्यांखेरीज अर्धवेळ वगैरे चार. समजा, शंभरांतील एकाने एकाच दिवशी पत्र पाठवले. म्हणजे पत्रे झाली ६,४७०. समजा, सहा जण पत्रे वाचून उत्तरे देतात व प्रत्येक पत्राला पाच मिनिटे लागतात. आठ तासांत एकाची ९६ आणि सहा जणांची मिळून ५७६ पत्रे होतील. भागाकार करा: अकरा दिवसांहून अधिक! आणि या अकरा दिवसांत नवी पत्रे यायची थांबणार थोडीच? वर्गातील साठ मुलांनी तीन तासांत लिहिलेल्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हा शिक्षकांचे काय होते, ते ज्याचे त्याला ठाऊक.

उलट दिशेने मात्र असली अडचण नाही. सदस्याने एक निवेदन लिहिले की ते शंभरांनी वाचले काय आणि लाखाने वाचले काय, त्याला दुसऱ्यांदा लिहावे लागत नाही. म्हणूनच बहुतेक संकेतस्थळे सदस्याचे म्हणणे सांगण्यात तरबेज असतात, पण लोकांचे ऐकण्यात मागे पडतात. यात दर वेळी सदस्याचा आळसच असतो असे नाही.

मग कचेऱ्या काय करतात? संगणकाकडून एकाच मजकुराची पत्रे एकत्र करवतात, ती मोजतात आणि सर्वांना एकच तयार उत्तर धाडतात. चळवळीच्या संघटनेने दिलेला मजकूर तुम्ही जसाच्या तसा पाठवलात, तर तुमचे पत्र त्या मोजणीतला एक आकडा होते. या कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांत हेच दिसून आले आहे, की लिहिणाऱ्याने आपल्या शब्दांत, आपल्या गावची हकिगत सांगून लिहिलेल्या पत्राचे वजन अधिक पडते. ते कुठल्या गठ्ठ्यात बसत नाही. मग कोणाला तरी ते वाचावेच लागते.

आता एक गणित तुमच्यासाठी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती आणि राज्यातून लोकसभेवर ४८ खासदार निवडून जातात. एका खासदारामागे किती लोक आले? त्यांतील शंभरांत एकाने एकाच दिवशी पत्र लिहिले, तर वरचेच सहा जण ती किती दिवसांत वाचून संपवतील?